टायट्रॉन, झेलिक्स आणि दोन ओली पोती

चिंचटाकळीच्या दूध संस्थेला कम्प्युटर हवा होता, असं कागदोपत्री लिहिलेलं आहे. ते तितकंसं खरं नाही. संस्थेला काहीच नको होतं. चेअरमन विठ्ठलरावांना फेटा बांधून बसायला हातांची खुर्ची हवी होती, ती होती. बाकीच्या दहा संचालकांना सभेच्या दिवशी चहा हवा होता, तोही वेळेवर यायचा. गुरांना पाणी हवं होतं, ते मात्र नव्हतं, कारण सलग तिसऱ्या वर्षी पाऊस आष्टीच्या पलीकडूनच परत फिरला होता. कम्प्युटर हवा होता तो एकट्या राधाकिशन सेक्रेटरींना. का, म्हणून विचारलं की ते चष्मा काढून पुसत बसायचे.

मी सांगतो. कारण होतं सुभद्राबाई.

सुभद्राबाईंकडे दोन गाई, बारा शेळ्या आणि एक खणखणीत आवाज. दोन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत सेक्रेटरी सभासदांच्या दुधाचं फॅट, म्हणजे दुधाला साय किती ते, वाचून दाखवत होते. सुभद्राबाईंचं नाव आलं, आकडा आला, आणि बाई एकशे बारा माणसांत उभ्या राहिल्या.

"का वं सेक्रेटरी, मपलं नाव आलं की तुमचं पेन खाली कावून घसरतं?"

सभा हसली. विठ्ठलरावसुद्धा फेट्याआडून हसले. सेक्रेटरी हसले नाहीत. तेव्हा बावीस वर्षं ते संस्थेचं दफ्तर लिहीत होते. त्यात खाडाखोड नाही, वरून गिरवलेलं नाही, शाईचा डाग म्हणाल तर एकच, तोही विठ्ठलरावांच्या चहाचा. त्या दिवशी ते घरी जाऊन जेवले नाहीत.

"बाई बोलली, इसरली," त्यांची बायको अंजनाबाई म्हणाल्या. "तुमी कावून धरून बसले?"

"तिनं माझं पेन काढलं, अंजना," सेक्रेटरी म्हणाले. "बाप काढला असता तरी चाललं असतं. पेन काढलं."

तर असा हा दोन वर्षांचा सल. त्यामुळे जिल्ह्याच्या दूध संघाचं पत्र आलं की, संस्थांनी मार्चअखेर कम्प्युटर घ्यावा, निम्मा भार संघ उचलेल, तेव्हा सेक्रेटरींनी ते पत्र तीनदा वाचलं. काट्यावर कॅन ठेवायचा, यंत्रात दूध घालायचं, आणि पलीकडून छापील पावती बाहेर. मध्ये माणसाचा हातच नाही. हातच नाही म्हटल्यावर घसरणार काय?

पत्राच्या शेवटी नेहमीचं कलम होतं, 'तीन दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता सादर करावा.' सहकारात माणूस एकवेळ लग्न एकच स्थळ बघून करील, पण खराटा घेताना त्याला तीन दरपत्रकं लागतात. सेक्रेटरी पिशवीत डबा घालून बीडला गेले.

बीडला समोरासमोर दोन दुकानं होती. एक आप्पारावांचं, दुसरं गहिनीनाथांचं. आप्पारावांनी सेक्रेटरींना पंख्याखाली बसवलं, थंड पाजलं आणि सांगितलं, "काका, पेटी कुणाचीबी घ्या. बघायचं काय, तर आत प्रोसेसर कुणाचा. हा एवढा नखाएवढा तुकडा असतो, पण मेंदू तोच. आमचा टायट्रॉन. वेगात पयला. आकडा बघा आकडा!"

आकडा खरंच मोठा होता. सेक्रेटरींनी तो वहीत लिहून घेतला आणि रस्ता ओलांडला.

गहिनीनाथ तो आकडा बघून खो खो हसले. "आकड्यावर काय जाता, काका! बैल किती पावलं टाकतो ह्येच्यावर इकत घेता का? किती रान वखरतो ते बघता ना? टायट्रॉन नुसता पावलं टाकतो. आमचा झेलिक्स दोन पावलांत तेवढंच काम करतो. आन टायट्रॉन तापतो, बरं का. झेलिक्स शांत."

सेक्रेटरींना हे पटलं. मग त्यांनी एक घोडचूक केली. ते प्रामाणिकपणे रस्ता ओलांडून परत आले आणि आप्पारावांना विचारलं, "ते समोरचे म्हणतात तुमचा तापतो. खरं हाय का?"

त्या घटकेपासून चिंचटाकळीचा कम्प्युटर हा आप्पाराव आणि गहिनीनाथ यांच्यातला मामला झाला. झालं होतं असं की दोन्ही कंपन्यांनी आपापल्या दुकानदारांना सांगून ठेवलं होतं, तालुक्यातली पहिली संस्था जो पटकावील त्याच्या मागं बाकीच्या सगळ्या येतील. आणि पहिली विचारणा करणारे होते आमचे सेक्रेटरी. त्यांना याचा पत्ता नव्हता. ते एस.टी.त बसून तिसऱ्या दरपत्रकाची काळजी करत होते. ते शेवटी आष्टीच्या एका कॅनवाल्यानं दिलं. त्यानं जन्मात कम्प्युटर पाहिला नव्हता, पण तिसरं दरपत्रक ज्याला विकायचं नसतं त्याच्याकडूनच घ्यायचं असतं, ही रीतच आहे. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'संगणक, उत्तम प्रतीचा, झाकणासह.'

आठ दिवसांत संस्थेच्या भिंतीवर निळ्या रंगात अक्षरं उमटली: 'दुधात साय, संगणकात टायट्रॉन.' विठ्ठलरावांनी परवानगी दिली होती, कारण भिंतीला तसाही चुना लागायचा होता. दुसऱ्या दिवशी समोरच्या पिठाच्या गिरणीवर लाल रंगात उत्तर: 'टायट्रॉन तापतो. झेलिक्स शांत.' मग टोप्या आल्या. कॅलेंडरं आली. मग आले स्टिकर. 'आत टायट्रॉन आहे' हा निळा, 'आत झेलिक्स आहे' हा लाल. गावानं ते हाताला येईल तिथं चिकटवले. कणगीवर, ट्रॅक्टरवर, गाईच्या कपाळावर. बिभीषण नावाचा एक संचालक होता, डोक्यानं तेज आणि जिभेनं त्याहून. त्यानं कोरड्या विहिरीच्या कठड्यावर दोन्ही लावले आणि म्हणाला, "पाणी न्हाई तर न्हाई, आत काईतरी हाय म्हणू द्या लोकांला."

इथपर्यंत सगळा खेळ होता. पुढं आप्पाराव एका दुपारी गावात आले तेव्हा विहिरीजवळच्या हाळावर गुरं जमली होती. हाळ म्हणजे गुरांचं पाणी प्यायचं लांबलचक दगडी टाकं. माणसांसाठी सरकारी टँकर तीन दिवसांआड यायचा. गुरांसाठी काहीच नव्हतं. सुभद्राबाईंची चंद्री गाय, चार महिन्यांची गाभण, कोरडा दगड चाटत उभी होती.

"ह्या आठवड्यात हाळ भरला न्हाई तर चंद्रीला बाजार दाखवाया लागंल," सुभद्राबाई कुणाला उद्देशून नव्हे अशा बोलल्या. "गाभण गाय. ज्या वक्ताला तिला जपायचं त्याच वक्ताला."

आप्पाराव माणूस वाईट नव्हते. दुसऱ्या दिवशी टँकर आला आणि हाळ काठोकाठ भरला. टँकरवर कापडी फलक होता, 'टायट्रॉनतर्फे सप्रेम', आणि गुरं पीत असताना आप्पारावांनी फोटो काढून घेतला, एवढंच. चार दिवसांनी गहिनीनाथांचे दोन टँकर आले. पुढच्या आठवड्यात आप्पारावांचे दोन, आणि वर कडब्याच्या शंभर पेंढ्या. चंद्री मान वर न करता पाणी प्यायली. सेक्रेटरी लांबून बघत होते. त्यांच्याही घशाला बरं वाटलं.

फेब्रुवारीत त्यांनी तुलनात्मक तक्ता तयार केला, लाल-काळ्या शाईत, पट्टीनं रेघा मारून, आणि संचालकांची सभा लावली. सभेच्या आधी बिभीषणनं त्यांना भिंतीआड घेतलं.

"सेक्रेटरी, ठराव झाला की काय व्हईल?"

"कम्प्युटर येईल."

"आन टँकर?"

सेक्रेटरींनी तक्त्याची घडी घातली.

"ज्येचा घेतला त्येला पुन्ना पाणी घालायची गरज न्हाई. ज्येचा न्हाई घेतला तो कशाला घालतोय? ठराव झाला त्या दिवशी हाळ कोरडा. लिहून घ्या माझ्याकून."

"मग काय करायचं म्हणतो? खोटी सभा लिहू?" सेक्रेटरींचा आवाज चढला. "चोवीस वर्षांत मी खोटी ओळ लिहिली नाही."

"खोटी कोण म्हणतंय? खरीच लिवा की. फकस्त जेवढे आत बसलेत तेवढेच मोजा."

आता हे समजून घ्या. अकरा संचालकांपैकी सहा आत बसले की गणपूर्ती. त्याहून कमी असले की सभा तहकूब. त्या दिवशी चौघं आत बसले आणि सात जण बाहेर ओट्यावर, उंबरठ्याला पाठ लावून. चहा सातांनीही घेतला. आतली चर्चा त्यांना ऐकू येत होती, मधून मधून ते सूचनाही करत होते. पण बूड बाहेर. सेक्रेटरींनी अर्धा तास घड्याळाकडे बघितलं आणि लिहिलं, 'सभागृहात चार संचालक हजर. गणपूर्तीअभावी सभा तहकूब.' अक्षर अन् अक्षर खरं होतं. तरी त्यांना ते वाचताना कसंसंच झालं.

मार्चमध्ये तेच. एप्रिलमध्ये तेच. संघानं मुदत वाढवली, कारण सगळा तालुका चिंचटाकळी काय घेते ते बघत थांबला होता. 'चार महिने विचार करणारी संस्था' म्हणून आमचं नाव झालं. आप्पाराव आणि गहिनीनाथ दर आठवड्याला नवी गोष्ट सांगून जायचे, दोघांचेही टँकर वारावर यायचे, आणि कोरड्या विहिरीपाशी चंद्रीच्या अंगावर तेज चढत चाललं होतं. सेक्रेटरींचा तक्ता कपाटात पिवळा पडला. ठराव व्हावा असं त्यांना वाटायचं, आणि हाळाकडं गेलं की होऊ नये असंही वाटायचं. दोन्ही बाजूंनी मन ओढलेला माणूस नीट झोपत नाही; अंजनाबाई त्याला साक्षी आहेत.

अखेर संघाचा अधिकारी वैतागला. त्यानं चौदा मेला समोरासमोर सामना लावला. दोन्ही कंपन्यांनी आपलं यंत्र संस्थेत आणायचं, एकशे बारा सभासदांची यादी घालायची, ज्याची आधी छापून निघेल तो जिंकला. अधिकारी स्वतः हजर राहणार, म्हणजे संचालकांना आत बसणं भाग होतं.

सकाळीच दोन्ही यंत्रं आली. सोबत पुण्याचे दोन इंजिनिअर, दोन जनरेटर आणि फलक. यंत्रं तासभर चालवून बघितली, बंद केली, आणि मंडळी विठ्ठलरावांकडे जेवायला गेली. सामना चार वाजता. यंत्रांपाशी थांबले एकटे सेक्रेटरी.

वर पत्रा, बाहेर चव्वेचाळीस अंशांचं ऊन. सेक्रेटरींनी टायट्रॉनच्या पेटीवर हात ठेवला. चटका बसला. झेलिक्सच्या पेटीवर ठेवला. शांत म्हणवणाऱ्या झेलिक्सचाही चटका बसला. सहा महिने दोन्हीकडचे एकच सांगत होते, प्रोसेसर तापला की गेला. आत तो नखाएवढा जीव या पत्र्याखाली काय करत असेल?

आता दुधाच्या धंद्यातल्या माणसाला तापणाऱ्या गोष्टीवर एकच इलाज ठाऊक. संध्याकाळचं दूध सकाळपर्यंत नासू नये म्हणून कॅनला ओलं पोतं गुंडाळायचं आणि अधूनमधून पाणी शिंपडायचं. चोवीस उन्हाळे त्यांनी हेच केलं होतं, एक कॅन नासला नव्हता. संस्थेत पोती होती. पाणी नव्हतं. ते घरी गेले आणि अंजनाबाईंनी त्यांच्या अंघोळीसाठी राखलेली घागर उचलून आणली.

"तीन दिवस पारोसं राहाया लागंल," मागून अंजनाबाई म्हणाल्या.

"राहीन," सेक्रेटरी म्हणाले.

त्यांनी दोन पोती भिजवली आणि दोन्ही पेट्यांना नीट गुंडाळली. मागच्या जाळीतून आतली धग बाहेर पडते हे त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून तिथं पोतं जरा जास्तच दाबून बसवलं. मग दर पंधरा मिनिटांनी पाणी. आणि इथं त्यांचा स्वभाव बघा: एक तांब्या टायट्रॉनला, एक तांब्या झेलिक्सला. कमीजास्त नाही. उद्या कुणी म्हणायला नको, सेक्रेटरीनं एकाला झुकतं माप दिलं. साडेतीनला त्यांनी पोती काढली, घडी घालून कोपऱ्यात ठेवली, पेट्या कोरड्या पुसल्या आणि समाधानानं चष्मा लावला.

चारला खोली भरली. अधिकारी मध्ये. अकराच्या अकरा संचालक आत. आप्पारावांनी नारळ फोडला, गहिनीनाथांनी उदबत्ती लावली. "करा सुरू," अधिकारी म्हणाले.

टायट्रॉनमधून फट्ट आवाज आला आणि वास सुटला. गहिनीनाथांच्या चेहऱ्यावर हसू उमटायला लागलं. ते हसू कानापर्यंत पोचायच्या आत झेलिक्समधून फुस्स झालं.

पहिल्यांदा सावरले आप्पाराव. "किरकोळ जुळवणी ऱ्हायली, साहेब. पंधरा दिवसांत पुण्याहून दुसरं आणतो." गहिनीनाथ लगेच म्हणाले, "आमचंबी किरकोळच." दोघांनाही आपला प्रोसेसर सगळ्यांदेखत जळाला हे कबूल करायचं नव्हतं. पेट्या झाकून तातडीनं गाडीत घातल्या गेल्या. जाता जाता दोघांनी पुढच्या आठवड्याचे टँकर वाढवून सांगितले, चारचौघांत इज्जत सांभाळायला.

सेक्रेटरी कोपऱ्यातल्या पोत्यांकडे बघत उभे होते. त्यांना आत्ता उमगलं होतं. ते पुढं होऊन बोलणार, तेवढ्यात बिभीषणनं त्यांना मिठीच मारली.

"मी बघितलं सगळं. खिडकीतून," तो कानात म्हणाला. "दोन्हीबी एकदम! वा रे पठ्ठे! सेक्रेटरी, तुमी लई पोचलेले निघाले!"

"अरे, मी मुद्दाम नाही केलं. मला वाटलं गार राहतील..."

"आसंच सांगा. कुनी इचारलं तर अगदी आसंच सांगा!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. ज्या गावात चोवीस वर्षं त्यांना कुणी सरळमार्गी म्हणून दोनदा नमस्कार घातला नाही, त्या गावात आता पोरंबाळं त्यांना वाट देऊ लागली. पाण्यासाठी सेक्रेटरीनं दोन कंपन्या लोळवल्या! ते शपथ घेऊन सांगत की मी भोळेपणानं केलं, आणि लोक डोळे मिचकावत. एकट्या अंजनाबाईंचा त्यांच्यावर विश्वास होता. त्या म्हणाल्या, "मी सांगते लोकांला. ह्येनला आसलं जमतच न्हाई." हा दिलासा होता, पण ऐकायला फार गोड नव्हता.

त्याच दिवशी दिवेलागणीला त्यांनी इतिवृत्ताची वही उघडली आणि घडलं ते लिहिलं. पोती, पाणी, वेळ, सगळं. खाली सही, तारीख.

"झालं," अंजनाबाई म्हणाल्या. "वहीत लिवलं ना? मंग आता जीव कावून खाता?"

"वहीतलं पुढच्या सभेत वाचून कायम करावं लागतं, तेव्हा ते खरं धरतात. आणि पुढची सभा..."

पुढची सभा अर्थातच तहकूब झाली. त्याच्या पुढचीही. सात जण ओट्यावर.

एकदा आप्पाराव टँकरसोबत आले होते. त्यांना गाठून सांगायचंच, असं ठरवून सेक्रेटरी हाळावर गेले. चंद्री पाणी पीत होती. पोट तटतटलं होतं, आठवा सरत आलेला. सुभद्राबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. सेक्रेटरी आप्पारावांशी उन्हाबद्दल दोन शब्द बोलले आणि परत फिरले. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि चंद्रीकडे बघून बरंही वाटलं. वाटेत त्यांनी ठरवलं की माणसानं एका वेळी एकच काहीतरी वाटून घ्यावं, पण ते काही जमलं नाही.

आणि मग तो अहवाल आला.

दोन्ही कंपन्यांनी आपापल्या जळक्या पेट्या पुण्याला तपासल्या. दोघांनाही आत पाण्याचा अंश सापडला. पोत्याची कल्पना पुण्यातल्या कुणाच्या बापाला येणार? दोघांनीही वेगवेगळं, पण एकच लिहून दिलं: 'चिंचटाकळी परिसरातील हवा अत्यंत दमट असल्याने यंत्रात बाष्प साचले.' गिरणीवर लगेच नवी ओळ आली, 'दमट हवेतही झेलिक्स शांत.' गाव पोट धरधरून हसलं. विठ्ठलराव तर दोन दिवस भेटेल त्याला विचारत होते, "काय मग, आज दमट लई हाय, न्हाई का?"

अहवालाची प्रत संघाकडे गेली. संघानं ती माहितीस्तव वर पाठवली. वरच्यांनी माहितीस्तव आणखी वर. आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वरून पत्र खाली आलं. 'आपल्या परिसरातील हवा अत्यंत दमट असल्याचे दोन नामांकित कंपन्यांच्या तांत्रिक अहवालांवरून दिसते. सबब, पिण्याच्या पाण्याचा टँकर बंद का करू नये, तसेच गावातील प्रस्तावित गुरांची छावणी रद्द का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.'

आता कुणी हसेना. कंपनीचे टँकर गुरांचे. माणसं सरकारी टँकरवर जगत होती. छावणी तर सगळ्यांचीच आशा होती. विठ्ठलराव, बिभीषण धावत कचेरीत गेले. कोरड्या विहिरीचे फोटो दाखवले. कारकून भला होता, पण म्हणाला, "मला दिसतंय हो. पण हा छापील अहवाल हाय. कागदाला कागद लागतो. पेटीत पाणी कुठून आलं, ते दाखवणारा त्या तारखेचा कागद असंल तर आणा."

दोघं मान खाली घालून परतले. ओट्यावर सगळे जमले होते. सेक्रेटरी उठले, कपाटातून वही काढली आणि मांडीवर ठेवून म्हणाले, "आहे. पण सभेत कायम झाल्याशिवाय त्याची प्रत देता येत नाही."

बिभीषणनं एकदा वहीकडे बघितलं, एकदा उंबरठ्याकडे. "आन त्या दोघांलाबी बोलवनार?"

"त्यांच्या माघारी वाचणार नाही."

"टँकर जात्याल, सेक्रेटरी."

"जातील," सेक्रेटरी म्हणाले. "सहा आठवडे त्यांच्या पाण्यापुढं माझं तोंड उघडलं नाही, बिभीषण. आता पुरे."

सभेला अकरा संचालक आत आले. तहकुबी सुरू झाल्यापासून सभेला पहिल्यांदाच अकरा. शिवाय दारात सभासद, खिडकीत सभासद, आणि पुढं फतकल मारून सुभद्राबाई. आप्पाराव आणि गहिनीनाथ नवी यंत्रं कधी आणायची याच्या तारखा घेऊन आले होते. सेक्रेटरी उभे राहिले. चष्मा न पुसताच त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"'दुपारी एक ते साडेतीन या वेळेत सचिवांनी स्वतःच्या समजुतीने दोन्ही यंत्रांना ओली पोती गुंडाळून वर पाणी शिंपडले. यंत्रे त्यामुळे बिघडली. यात कोणाही संचालकाचा हात नाही. पाणी सचिवांच्या घरचे होते.'"

आप्पाराव हळूच उठले. "म्हंजे... टायट्रॉन आपोआप नव्हता गेला?"

"नाही."

"आन झेलिक्स?" गहिनीनाथ.

"त्यालाही तेवढंच पाणी घातलं. दोघांनाही तांब्या तांब्या मोजून. मी चुकलो. संस्थेनं मला काय शिक्षा द्यायची ती द्यावी."

सहा आठवडे दोघांनी कंपनीची बोलणी खाल्ली होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच दोघं एकदम हसले. हसता हसता गहिनीनाथांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, शिक्षा कसली! ह्येची सही-शिक्क्याची प्रत द्या मला. कंपनीला दाखवतो, आमचा प्रोसेसर निर्दोष हाय म्हणून."

"मला आधी," आप्पाराव म्हणाले.

तीन प्रती निघाल्या. दोन त्यांना, एक कचेरीला. कागदाला कागद मिळाला, दमटपणा रद्द झाला, सरकारी टँकर चालू राहिला. बिभीषण म्हणाला होता तसे कंपनीचे टँकर त्याच आठवड्यात थांबले. मधले नऊ दिवस फार वाईट गेले. अंजनाबाईंसकट साऱ्या गावानं आपल्या घागरीतलं गुरांना पाजलं. दहाव्या दिवशी छावणी उघडली.

राहता राहिला कम्प्युटर. मतदान झालं, पाच टायट्रॉनला, पाच झेलिक्सला. विठ्ठलरावांचं मत निर्णायक, पण दोन्ही दुकानदार समोर बसलेले बघून त्यांना फेटा सैल वाटायला लागला. सहकारात अशा वेळी ईश्वरचिठ्ठी काढतात. काढली. कुणाची निघाली ते मी सांगत नाही, कारण मला अजून बीडला जावं लागतं.

चंद्री छावणीत व्याली. चीक सरल्यावर सुभद्राबाई पहिल्यांदा तिचं दूध घेऊन आल्या, त्या दिवशी यंत्र नवं कोरं सुरू झालं होतं. काट्यावर कॅन ठेवला. कर्रर्र आवाज करत छापील पावती बाहेर आली. सेक्रेटरींनी तिला हातही लावला नाही. दोन पावलं मागं सरून, हात पाठीमागं बांधून ते उभे राहिले. दोन वर्षं त्यांनी याच घटकेची वाट बघितली होती.

सुभद्राबाईंनी पावती उलटसुलट केली.

"ह्येच्यावर हात कुणाचा?"

"कुणाचाच नाही, सुभद्राबाई. तेच तर. आता कुणाचं पेन घसरायला नको."

बाईंनी पावती पालथी करून टेबलावर ठेवली, कोऱ्या बाजूवर बोट टेकवलं.

"मागल्या बाजूला तुमच्या हातानं लिवा."

"छापलंय ना सगळं."

"आसू द्या छापलेलं. सोताच्या इरुद्ध लिवणारं पेन म्या दुसरं बघितलं न्हाई. त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. लिवा."

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तो पुन्हा ओला झाला, म्हणून पुन्हा पुसला. मग खिशातलं पेन काढून त्यांनी सावकाश लिहिलं: 'सुभद्राबाई. गाय चंद्री. फॅट तीन पूर्णांक नऊ.' आणि खाली सही केली.

रांगेतल्या मागच्यानंही आपली पावती पालथी करून पुढं सरकवली. त्याच्या मागच्यानंही. तेव्हापासून चिंचटाकळीत पावती एका बाजूनं कम्प्युटर छापतो आणि दुसऱ्या बाजूनं सेक्रेटरी लिहितात. रांग पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ चालते. संघाला हे कळवलेलं नाही. वहीत मात्र नोंद आहे.